क्रीडामासेमारी, दीर्घ पल्ल्याची

उदरनिर्वाहासाठी किंवा विक्रीसाठी नव्हे, तर हौस, व्यायाम व कौशल्याची कसोटी या हेतूंनी गळ, दोर व काठी यांच्या साहाय्याने समुद्रात केलेल्या मासेमारीला सागरी क्रीडामासेमारी म्हणतात. तिचा एक विशेष प्रकार म्हणजे भाड्याने घेतलेल्या नौकेवर अनेक दिवस मुक्काम करून, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर जाऊन केलेली मासेमारी. हा प्रकार जगात अनेक ठिकाणी आढळत असला, तरी त्याची सर्वांत जुनी, संघटित व वैशिष्ट्यपूर्ण परंपरा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याच्या सॅन डिएगो बंदरात विकसित झाली. तेथून निघणाऱ्या नौका मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे जातात. प्रवास दीड दिवसापासून दोन आठवड्यांहून अधिक काळापर्यंतचा असतो. त्यांपैकी सामान्यतः पाच दिवसांच्या पुढील सफरींना ‘दीर्घ पल्ल्याच्या’ सफरी असे संबोधतात.

इतिहास : या क्रीडेचे मूळ सॅन डिएगोच्या वायव्येस असलेल्या सँता कॅटालिना बेटावर सापडते. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या निसर्गअभ्यासकाने १८९८ मध्ये तेथे काठी व रीळ वापरून ८३ किग्रॅ. (१८३ पौंड) वजनाचा ट्यूना मासा पकडला. त्यापूर्वी असे मासे हाताने ओढावयाच्या जाड दोराने पकडीत. होल्डरने त्याच वर्षी ॲव्हलॉन या गावी ‘ट्यूना क्लब’ स्थापन केला. बारीक दोर वापरावा, काठी दुसऱ्याच्या हाती देऊ नये, माशाला निसटण्याची न्याय्य संधी असावी, हे संकेत या क्लबाने रूढ केले. पुढे १९३९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय क्रीडामासेमारी संघटनेच्या नियमांतही हीच दृष्टी दिसते. ॲव्हलॉनच्याच जॉर्ज फार्न्सवर्थ या नौकाचालकाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी पतंगाच्या साहाय्याने आमिष पाण्याच्या पृष्ठावर नाचविण्याची पद्धत कॅलिफोर्नियात आणली. पानांच्या पतंगाने मासे पकडण्याची कला इंडोनेशिया व पॅसिफिक बेटांवरील लोकांना फार पूर्वीपासून अवगत होती.

ट्यूना क्लब धनिकांचा होता. सॅन डिएगोतील परंपरेचा दुसरा व अधिक महत्त्वाचा झरा श्रमिकांचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे बंदर ट्यूना डबाबंद करण्याच्या धंद्याचे जगातील प्रमुख केंद्र होते. जपानी, पोर्तुगीज व इटालियन वंशाचे मच्छीमार जिवंत तारलीसारखे मासे पाण्यात फेकून ट्यूनाचा थवा नौकेजवळ आणीत आणि पाण्यालगत बांधलेल्या फळ्यांवर उभे राहून बांबूच्या काठ्यांनी मासे नौकेत उडवीत. मासा मोठा असल्यास एकाच गळाला दोन किंवा तीन काठ्या जोडून तितकेच पुरुष एका तालात झटका देत. नायलॉनची जाळी व मारिओ पुरेटिच याने शोधलेला यांत्रिक कप्पी-ठोकळा प्रचारात आल्यावर १९५० च्या दशकाच्या अखेरीस हा ताफा झपाट्याने घेरजाळ्यांकडे वळला व काठीची मासेमारी मागे पडली. परंतु जिवंत आमिष साठवून नेण्याची, चारा टाकून थवा खिळवून ठेवण्याची आणि दूरच्या उथळांची व बेटांची माहिती बंदरात शिल्लक राहिली. क्रीडामासेमारीच्या नौकांनी ती उचलली. बिल पूल या नौकामालकाने दूर अंतरावर जाऊ शकणाऱ्या, शीतगृहांनी युक्त अशा मोठ्या नौका बांधून या सफरींचा पाया घातला, म्हणून त्याला या क्षेत्राचा आद्य प्रवर्तक मानतात. सॅन डिएगोतील डबाबंद कारखाने १९८० च्या दशकात बंद पडले. हौशी मच्छीमारांच्या नौका मात्र पॉइंट लोमा येथील धक्क्यांवरून आजही सुटतात.

नौका : दीर्घ पल्ल्याच्या नौकांची लांबी सामान्यतः २५ ते ३८ मी. असते. त्यांवर २० ते ३० प्रवासी व सहा ते दहा खलाशी असतात. नौकेचा पुढील भाग उंच, त्यावर चालककक्ष, मध्यभागी भटारखाना व भोजनकक्ष आणि मागे सपाट, मोकळा डेक अशी रचना असते. झोपण्याच्या जागा बहुधा डेकखाली असतात. नव्या नौकांत दोघा-तिघांच्या वातानुकूलित खोल्या असतात, जुन्या व लहान नौकांत एकावर एक फळ्यांची सामाईक शयनशाळा असते. फ्लॉरिडा वा हवाई येथील मोठ्या माशांच्या नौकांवर पट्ट्याने बांधलेली फिरती खुर्ची असते व एका वेळी एकच मनुष्य मासा ओढतो. येथे तशी खुर्ची नसते. सर्वजण कठड्याशी उभे राहून मासेमारी करतात, व या एका भेदातून या क्रीडेचे बहुतेक सर्व शिष्टाचार निर्माण झाले आहेत.

नौकेचे खरे हृदय म्हणजे आमिषाच्या टाक्या. त्यांतून समुद्राचे पाणी अहोरात्र खेळते ठेवतात. पंप काही वेळ बंद पडला, तर हजारो मासे गुदमरून मरतात व सफर तेथेच संपल्यात जमा होते. रात्री टाकीवर दिवा लावलेला असतो. अंधारात मासे कडेला आपटून जखमी होतात, उजेडात ते एकाच दिशेने शिस्तीने फिरत राहतात. माशांच्या साठवणीसाठी तळाशी गोठणबिंदूच्या आसपास थंड केलेल्या समुद्रजलाचे हौद असतात.

सफरीची जुळणी : नौका दोन रीतींनी मिळते. पहिल्या रीतीत प्रत्येक प्रवासी स्वतंत्रपणे जागा घेतो व अनोळखी लोकांत मिसळतो. दुसऱ्या रीतीत संपूर्ण नौका एखादा गट भाड्याने घेतो. या गटाचा एक प्रमुख असतो. तो नौकामालकाशी तारखा ठरवितो, आगाऊ रक्कम भरतो, मित्रांकडून वर्गणी गोळा करतो, कोणी आयत्या वेळी गळाला तर त्याची जागा भरतो व न भरल्यास त्या जागेचे पैसे बहुधा त्यालाच सोसावे लागतात. चांगल्या नौकांच्या चांगल्या तारखा वर्ष-वर्ष आधी राखून ठेवतात, त्यामुळे अनेक गट परतीच्या दिवशी धक्क्यावरच पुढील वर्षाची तारीख पक्की करतात. एकाच कारखान्यातील कामगार, एका शाळेतील जुने सोबती, पिता-पुत्र, मेव्हणे-मेव्हणे असे वीस-वीस वर्षे त्याच आठवड्यात त्याच नौकेवर जाणारे गट आढळतात.

निघण्यापूर्वी शयनस्थानांची वाटणी चिठ्ठ्यांनी किंवा नोंदणीच्या क्रमाने होते. प्रत्येक प्रवाशास एक क्रमांक मिळतो. तो पुढे त्याच्या प्रत्येक माशाच्या कल्ल्यावर खुणेने लावला जातो. बहुतेक सफरींत सर्वांत मोठ्या माशासाठी सामाईक पैज असते. प्रत्येकाने ठराविक रक्कम घालावयाची व परतल्यावर धक्क्यावर सर्वांसमक्ष वजन करून विजेत्याने ती घ्यावयाची, असा प्रघात आहे. जिंकलेल्या रकमेतील काही भाग खलाशांना देणे सभ्यपणाचे समजतात. भाड्याव्यतिरिक्त खलाशांना बक्षिसी देण्याची रीतही रूढ आहे. खलाशांच्या प्राप्तीत या बक्षिसीचा वाटा मोठा असल्याने ती ऐच्छिक असूनही चुकविणे फारच गैर मानतात.

आमिष : पॉइंट लोमाहून निघालेली नौका प्रथम उपसागरातच नांगरलेल्या तरंगत्या पिंजऱ्यांशी थांबते. येथे विक्रेत्यांनी पकडून आणलेल्या तारलीच्या कुळातील सार्डीन व मांदेलीच्या कुळातील अँचव्ही यांचा जिवंत साठा असतो. खलाशी जाळीच्या डबक्यांनी मासे उपसून टाक्या भरतात. नुकताच पकडलेला मासा दुर्बळ असतो, त्याचे खवले जाळ्यात झडलेले असतात. पिंजऱ्यात काही दिवस राहून सावरलेला मासा कणखर होतो व लांबच्या सफरीत टिकतो. चांगले आमिष मिळाले की नाही यावर पुढील आठ-दहा दिवसांचे भवितव्य अवलंबून असल्याने अनुभवी प्रवासी या वेळी झोपावयास न जाता डेकवर उभे राहून पाहतात.

आमिष निवडणे हीच या क्रीडेतील पहिली कला. हिरवट पाठीचा, खवले शाबूत असलेला, हातात धरवत नाही असा चपळ मासा घ्यावा, तो मुठीत आवळू नये व कोरड्या हाताने धरू नये, असे नवख्याला सांगतात. गळ नाकातून, कल्ल्यामागील हाडातून किंवा गुदपराजवळ अडकवितात. तिसऱ्या रीतीने अडकविलेला मासा खाली बुडी मारतो, पहिल्या रीतीने अडकविलेला प्रवाहाविरुद्ध पोहतो. दोराला वजन न लावता मासा स्वतःच्या बळाने नौकेपासून दूर जाऊ देणे, ही मूळ पद्धत होय. तो जितका जोमाने पळेल, तितका ट्यूना आकृष्ट होण्याचा संभव अधिक. म्हणून मरगळलेले आमिष तासभर पाण्यात ठेवण्यापेक्षा दर काही मिनिटांनी ते बदलणारा मनुष्य अधिक मासे पकडतो. हे सर्वांना ठाऊक असते, पण आचरणात थोडेच आणतात.

मासेमारीची रीत : मोकळ्या समुद्रातून जाताना नौकेच्या मागे चार-पाच कृत्रिम आमिषे ओढीत नेतात. या दोरांवर प्रवाशांच्या तुकड्या आळीपाळीने बसतात. आमिषाला मासा लागला, की चालक नौकेचा वेग उतरवितो, खलाशी मूठ-मूठ जिवंत चारा पाण्यात उधळतो आणि बाकीचे सर्वजण जिवंत आमिषाचे गळ सोडतात. एका माशाच्या मागे अनेकदा संपूर्ण थवा असतो. ध्वनिप्रतिध्वनी-यंत्र, पृष्ठतापमानाचे उपग्रहनकाशे आणि घिरट्या घालणारे समुद्रपक्षी ही चालकाची साधने असली, तरी सर्वांत जुनी खूण म्हणजे वाहून आलेल्या केल्प या प्रचंड तपकिरी शैवालाचे पुंजके. खडकापासून तुटलेले हे पुंजके समुद्रात तरंगत राहतात. त्यांच्या सावलीत लहान मासे आश्रय घेतात व त्यांच्या शोधात यलोटेल, दोरादो (माही-माही) आणि ट्यूना येतात. भोजनाच्या पंगतीइतक्या आकाराच्या अशा एका पुंजक्याखाली कधी शेकडो मासे असतात, कधी एकही नसतो.

थवा नौकेखाली स्थिरावल्यावर जो प्रकार सुरू होतो, त्याचे वर्णन केवळ गोंधळ असे केल्यास चूक होईल. पंचवीस माणसांचे पंचवीस दोर एकाच पाण्यात असतात. ट्यूना ज्या दिशेने पळेल, त्या दिशेने काठीवाल्याने कठड्याच्या कडेने चालत गेलेच पाहिजे, हा पहिला नियम. वाटेतील प्रत्येक माणसाच्या दोरावरून किंवा खालून त्याला जावे लागते. कोणी वर व कोणी खाली हे क्षणार्धात ओरडून ठरते. जो मागे राहतो व मासा कोठे आहे ते न पाहता उभा राहतो, त्याच्यामुळे चार-पाच दोरांचा गुंता होतो. अशा वेळी खलाशी धावत येतो, दोरांना हात लावून ताण पाहतो व कोणता दोर कापावयाचा ते ठरवितो. ज्याचा दोर कापला जातो, त्याने कदाचित अर्धा तास झगडून आणलेला मासा गमावलेला असतो. या निर्णयावर वाद घालावयाचा नाही असा संकेत आहे, व आश्चर्य असे की तो बहुधा पाळला जातो. मित्रांच्या गटात हे सोपे जाते. अनोळखी प्रवाशांच्या सफरीत पहिला एक दिवस यातच खर्ची पडतो.

मोठा मासा कठड्याशी येऊ लागला, की तो पाण्यात गोल फिरतो. या घिरट्यांत प्रत्येक फेरीला थोडा दोर मिळवावा लागतो. शेवटी खलाशी लांब दांड्याची आकडी माशाच्या डोक्यात मारून त्याला वर ओढतात. ९० किग्रॅ.च्या (२०० पौंडांच्या) पुढील यलोफिन ट्यूनाला या ताफ्यात ‘गाय’ म्हणतात. तसा मासा ओढण्यास एक ते दोन तास, क्वचित त्याहून अधिक वेळ लागतो. एकट्याची शक्ती संपल्यास काठी दुसऱ्याच्या हाती देतात. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार मात्र काठीला दुसऱ्याचा हात लागला किंवा ती कठड्यावर टेकविली, तरी तो मासा विक्रमास अपात्र ठरतो. सॅन डिएगोच्या नौकांवर काठी कठड्यावर टेकवून ओढण्याची रीत सर्रास असल्याने येथील अनेक प्रचंड मासे विक्रमांच्या यादीत आलेले नाहीत.

हाती आलेला मासा जपणे हे पकडण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ट्यूनाचे शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा उष्ण असते व झगड्यानंतर ते अधिकच तापते. ताबडतोब रक्त वाहू देऊन थंड न केल्यास मांस खराब होते आणि त्यात हिस्टामीन हे विषारी द्रव्य तयार होते. ते शिजविल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून पकडीनंतर काही मिनिटांतच मासा थंड पाण्याच्या हौदात जातो.

मासे : या सफरींत मिळणाऱ्या माशांत ट्यूनाचे स्थान पहिले. कोकण किनाऱ्यावर कुपा व गेदर या नावांनी ओळखले जाणारे मासे याच गटातील होत. यलोफिन हा उष्ण पाण्यातील, ब्लूफिन व आल्बकोर हे तुलनेने थंड पाण्यातील. सुरमईच्या कुळातील वाहू हा अतिवेगवान मासा दक्षिणेकडील बेटांजवळ मिळतो. त्याच्या दातांपुढे नायलॉनचा दोर टिकत नाही, म्हणून गळाजवळ तार बांधावी लागते. यलोटेल हा खडकाळ बेटांजवळचा चिवट मासा गळ लागताच तळाच्या खडकात शिरण्याचा प्रयत्न करतो.

कॅलिफोर्निया प्रवाह थंड असल्याने माशांची उपलब्धता वर्षागणिक बदलते. एल निन्योच्या वर्षांत उष्ण पाणी उत्तरेकडे सरकते व उष्ण कटिबंधीय मासे सॅन डिएगोच्या जवळ येतात. १९५७-५८ व २०१४–१६ ही वर्षे या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. अनेक दशके या ताफ्याचा उन्हाळी हंगाम आल्बकोरवर चालत असे. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभानंतर तो मासा उत्तरेकडे सरकला व दक्षिण कॅलिफोर्नियाच्या पाण्यातून जवळजवळ दिसेनासा झाला. त्याची जागा ब्लूफिनने घेतली.

सफरीचे अंतर दिवसांवर अवलंबून असते. ताशी सु. १० सागरी मैल वेगाने जाणारी नौका एका अहोरात्रात ४०० किमी.हून थोडे अधिक अंतर कापते. एवढ्या अंतरावर ग्वादलूपे बेट आहे. त्याहून दक्षिणेस सेद्रोस बेट व त्याच्याही पलीकडे मोकळ्या समुद्रात उभे असलेले आलिहोस खडक लागतात. सर्वांत दूरच्या जागांपैकी हरिकेन बँक हे बुडालेले पर्वतशिखर सॅन डिएगोपासून सु. १,७५० किमी.वर आहे. तेथे पोहोचण्यास चार दिवस व परतण्यास चार दिवस लागतात. या दिवसांत प्रवासी गळ बांधतात, रिळांना तेल घालतात, पत्ते खेळतात व झोपतात.

रेविलाहिहेदो बेटे : सोकोरो, क्लारिओन, सान बेनेदिक्तो व रोका पार्तिदा या चार ज्वालामुखीजन्य बेटांच्या समूहाने दीर्घ पल्ल्याच्या सफरींना खरी कीर्ती मिळवून दिली. १ एप्रिल १९७७ रोजी कर्ट वीझनहटर याने सान बेनेदिक्तोजवळ १७६ किग्रॅ. (३८८ पौंड १२ औंस) वजनाचा यलोफिन पकडला. हा विक्रम तीन दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. २०१० मध्ये माइक लिव्हिंगस्टन याने बाहा किनाऱ्याजवळ १८३ किग्रॅ.हून अधिक वजनाचा मासा पकडून तो मोडला आणि २०१२ मध्ये गाय योकम याचा १९३ किग्रॅ.हून अधिक (४२७ पौंड) वजनाचा मासा विक्रमी ठरला.

मेक्सिको सरकारने ही बेटे १९९४ मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित केली. २०१६ मध्ये त्यांचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला व नोव्हेंबर २०१७ मध्ये सु. १,४८,००० चौ. किमी. क्षेत्राचे राष्ट्रीय उद्यान स्थापून तेथे सर्व प्रकारच्या मासेमारीस बंदी करण्यात आली. हौशी मच्छीमारांचा आक्षेप असा, की काठी-गळाने पकडलेले मोजके मासे व घेरजाळ्याने एका फेऱ्यात उचललेला संपूर्ण थवा यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. हा युक्तिवाद संख्येच्या दृष्टीने चूक नाही. परंतु बेटांभोवतीचे मोठे मासे, शार्क व मांता स्थलनिष्ठ असतात. अशा जागी वर्षानुवर्षे नेमके सर्वांत मोठे मासेच वेचून काढल्याचा परिणाम एकूण वजनाच्या आकड्यात दिसत नाही. शिवाय अंशतः बंदीवर इतक्या दूर समुद्रात देखरेख ठेवणे दुष्कर असते. बंदीनंतर सफरी इतर उथळांकडे वळल्या.

नियमन : मेक्सिकोच्या हद्दीत मासेमारी करण्यासाठी प्रत्येक प्रवाशास त्या देशाचा परवाना आवश्यक असतो. तेथील नियमांनुसार दररोज माणशी दहा मासे व त्यांत एका जातीचे पाचांहून अधिक नाहीत अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. दोरादोसाठी ती दोनच आहे. तीन दिवसांहून अधिक काळाच्या सफरीतही तीन दिवसांच्या मर्यादेइतकेच मासे बाळगता येतात. त्यामुळे दहा दिवसांच्या सफरीत अखेरीअखेरीस मासे पकडून सोडून द्यावे लागतात. असे पकडलेले मासे विकता येत नाहीत.

पॅसिफिक ब्लूफिनचे प्रकरण अधिक गंभीर होते. हा मासा जपानजवळच्या पश्चिम पॅसिफिकमध्ये अंडी घालतो. त्याची काही पिले संपूर्ण महासागर ओलांडून कॅलिफोर्निया व मेक्सिकोच्या किनाऱ्यावर येतात, तेथे काही वर्षे वाढतात व पुन्हा पश्चिमेकडे परततात. दोन्ही किनाऱ्यांवरील अतिरेकी मासेमारीमुळे २०१० च्या सुमारास अंडी घालू शकणाऱ्या माशांचा साठा मासेमारीपूर्व अंदाजाच्या काही थोड्या टक्क्यांपर्यंत घसरला होता. मेक्सिकोने २०१४ मध्ये आपल्या हद्दीत ब्लूफिन पकडण्यास तात्पुरती मनाई केली. अमेरिकेने २०१५ मध्ये हौशी मच्छीमारांची दैनिक मर्यादा दहावरून दोनवर व बहुदिवसीय सफरीची कमाल मर्यादा तीसवरून सहावर आणली. मासा कोणत्या जातीचा आहे ते तुकडे केल्यावरही ओळखता यावे, म्हणून समुद्रात कापलेल्या प्रत्येक ट्यूनाचे ठराविक सहा भाग करून ते स्वतंत्र पिशवीत ठेवण्याचा नियमही त्याच वेळी झाला. व्यापारी मासेमारीवरही आंतरराष्ट्रीय करारांनी मर्यादा घातल्या गेल्या. त्यांचा परिणाम अपेक्षेहून लवकर दिसला. साठ्याच्या पुनर्बांधणीचे वीस टक्क्यांचे उद्दिष्ट नियोजित वर्षाच्या सु. एक दशक आधी, २०२१ मध्येच ओलांडले गेले. ९० किग्रॅ.च्या पुढील ब्लूफिन, जे एका पिढीने केवळ होल्डरच्या काळातील छायाचित्रांत पाहिले होते, ते सॅन डिएगोपासून एका रात्रीच्या अंतरावर मिळू लागले.

गळाला लागलेला मासा शार्क किंवा सागरसिंह पळवितात, हे या पाण्यात नित्याचे आहे. सागरसिंहांना १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याचे अभय आहे. ते नौकेमागे लागल्यास जागा सोडून जाणे एवढाच उपाय उरतो.

सुरक्षितता : या सफरींतील धोक्यांपैकी गळ हातात घुसणे, ओल्या डेकवर घसरणे, सागरी मळमळ हे किरकोळ होत. वैद्यकीय मदत दूर असते. पाच-सहाशे किलोमीटर अंतरावर हृदयविकाराचा झटका आल्यास तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरवर अवलंबून राहावे लागते व तेही सर्व ठिकाणी पोहोचू शकत नाही. मित्रांचे गट वर्षांबरोबर वयस्क होत जात असल्याने हा प्रश्न अलीकडे अधिक जाणवतो.

सर्वांत मोठा धोका आगीचा. २ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे सँता क्रूझ बेटाजवळ नांगरलेल्या ‘कन्सेप्शन’ या पाणबुड्यांच्या सफरनौकेला आग लागली. डेकखालच्या शयनशाळेत झोपलेले ३३ प्रवासी व एक खलाशी मरण पावले. वरच्या भागातील पाच खलाशी बचावले. ही नौका मासेमारीची नसली, तरी तिची रचना व मुक्कामाची पद्धत मासेमारीच्या अनेक नौकांसारखीच होती. रात्री फेरी घालणारा पहारेकरी नसल्यामुळे आग वेळीच लक्षात आली नाही, असा निष्कर्ष राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. रात्रपहाऱ्याची सक्ती कायद्यात पूर्वीपासूनच होती. ती पाळली जात नव्हती. नौकेच्या कप्तानाला २०२३ मध्ये दोषी ठरविण्यात आले व २०२४ मध्ये चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. या दुर्घटनेनंतर अमेरिकेच्या तटरक्षक दलाने रात्री मुक्काम असणाऱ्या लहान प्रवासी नौकांसाठी नवे नियम केले. ते २०२२ पासून लागू झाले. परस्परांशी जोडलेली धूरसूचक यंत्रे, शयनस्थानापासून बाहेर पडण्याचे दोन स्वतंत्र व अडथळारहित मार्ग, पहारेकऱ्याच्या फेऱ्यांची नोंद ठेवणारे साधन व खलाशांचे नियमित प्रशिक्षण ही त्यांतील मुख्य कलमे होत. निघताना कप्तान आता प्रवाशांना निर्गमनमार्ग प्रत्यक्ष दाखवितो. आमिष भरण्याची घाई असली, तरी ही पाहणी आधी होते.

परतल्यावर मासे क्रमांकानुसार धक्क्यावर मांडतात, पैजेचे वजन होते व प्रत्येकजण आपला वाटा घेतो. बहुतेकजण मासे जवळच्या प्रक्रियागृहाकडे देतात. तेथे ते कापून, निर्वात पिशव्यांत बंद करून, धुरावून वा डबाबंद करून मिळतात. डब्यावर काही ठिकाणी गटाचे व नौकेचे नाव छापून देण्याची सोय असते.